पेन्सिल आणि खोडरबर यांची सोयरीक

कंपासपेटीत वर्षानुवर्षं शेजारी राहूनही ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही अशी जोडी कोणती? पेन्सिल आणि खोडरबर! एकाने काढायचं आणि दुसऱ्याने पुसायचं. गंमत म्हणजे इंग्रजीतलं 'रबर' हे नावच मुळी या भांडणातून आलेलं आहे. १७७० मध्ये जोसेफ प्रिस्टले (तोच तो, ऑक्सिजनवाला) याने लिहून ठेवलं की एका झाडाच्या वाळलेल्या चिकाचा तुकडा कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणा फार छान पुसतो. 'रब' करतो म्हणून 'रबर'. म्हणजे या पदार्थाचं बारसं पेन्सिलीच्या जिवावर झालं.

आता पेन्सिलीतलं शिसं हे शिसं नसतंच, ते ग्राफाइट असतं हे आपण सगळ्यांनी फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत घोकलं आहे. त्या ग्राफाइटचा एकच एक पापुद्रा सुटा केला की त्याला म्हणतात ग्राफीन. आणि गेली पंधरा-वीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत चाललंय काय, तर या ग्राफीनची रबराशी सोयरीक जुळवायचा खटाटोप! लग्न जमलं तर टायर, हातमोजे, बुटांचे तळ सगळंच अधिक मजबूत होईल असं म्हणतात. पण मंडळी, पत्रिका दिसते तेवढी जुळत नाही. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी मुलीकडची, म्हणजे रबराची बाजू पाहू. नैसर्गिक रबर म्हणजे हेविया ब्राझिलिएन्सिस या झाडाचा चीक. पहाटे सालीवर तिरका चर पाडतात आणि खाली वाटी (केरळात बऱ्याचदा नारळाची करवंटी) बांधतात. वाटीत पांढरंशुभ्र दूध जमतं. त्यात साधारण एक तृतीयांश रबर असतं, बाकी बहुतेक पाणी. रासायनिक भाषेत हे सिस-पॉलिआयसोप्रीन. पण ते नाव विसरा आणि रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या किटलीत शिजवलेली मॅगी आठवा. लांबच लांब, एकमेकांत गुंतलेल्या शेवया, आणि एकही दुसरीला बांधलेली नाही. काट्याने ओढलं की सुटून येतात. कच्च्या रबराचं हेच होतं. उन्हाळ्यात चिकट, थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उपाय सापडला: गंधक मिसळून तापवा. गंधक शेवयांना जागोजागी गाठी मारतं. मग ओढलं तर ताणतं आणि सोडलं तर परत येतं. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात.

इथे एक प्रयोग करून बघा, फुकटचा आहे. जाडसर रबरबँड झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा. गरम लागेल. तसाच ताणलेला थोडा वेळ धरा, मग एकदम सैल सोडून पुन्हा ओठाला लावा. आता गार! ताणल्यावर शेवया एका ओळीत येतात, त्यांचा पसारा कमी होतो, आणि खूप ताणलं तर काही भागांत चक्क स्फटिक बनतात. नैसर्गिक रबराचा हा खास गुण आहे. फाटायला आलेल्या ठिकाणी, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ताण, तिथेच स्फटिक तयार होऊन भेग अडवली जाते. म्हणून काहीही न घालता, नुसतं गंधकाने बांधलेलं नैसर्गिक रबरसुद्धा वीसच्या वर मेगापास्कल ताण सोसू शकतं. त्याच्या जागी टायरमध्ये वापरलं जाणारं कृत्रिम एसबीआर रबर असंच नुसतं घेतलं तर दोन-तीन मेगापास्कलमध्ये आडवं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मग एवढं चांगलं रबर असताना त्यात काही मिसळायचंच कशाला? कारण ते तुटायला कठीण असलं तरी मऊ आहे, आणि रस्त्यावर घासलं की झिजतं. कधी जुन्या मोटारींचे फोटो पाहिलेत का? टायर पांढरट दिसतात. त्या काळी रबरात झिंक ऑक्साइड घालत, ते पांढरं असतं. मिशलिन कंपनीचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस पांढरा का, याचंही उत्तर हेच, कारण तो १८९८ चा आहे. पुढे १९०४ च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातल्या कारखान्यात एस. सी. मोट यांना आढळलं की रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घातली तर ते कितीतरी मजबूत होतं. १९१० नंतर टायर कंपन्यांनी ते उचललं, आणि तेव्हापासून टायर काळा तो काळाच. आपल्याला वाटतं काळा रंग मळखाऊ म्हणून दिला असेल. तसं काही नाही. ती काजळी काढली तर टायरचं आयुष्य पार घटेल.

किती काजळी घालतात? इथे रबरवाल्यांचं एक वेगळं माप आहे, 'पीएचआर'. म्हणजे शंभर भाग रबराला किती भाग. टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या थरात पन्नास पीएचआरच्या आसपास काजळी असते. शंभर किलो रबरात पन्नास किलो काजळी! ही नुसती भर नव्हे. काजळीचा कण काही दशक नॅनोमीटरचा असतो, त्यामुळे एक ग्रॅम काजळीचा पृष्ठभाग (मधल्या दर्जाची, एन-३३० म्हणतात ती) ऐंशी चौरस मीटरच्या घरात जातो. त्या पृष्ठभागाला रबराच्या शेवया चिकटतात, आणि ताण आला की कण तो वाटून घेतात. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द जन्मायच्या आधी निदान साठ वर्षं टायरवाले नॅनोटेक्नॉलॉजी करत होते, फक्त त्यांना कुणी सेमिनार द्यायला लावला नाही.

आता मुलाकडची बाजू. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर साधी चिकटपट्टी लावली, ओढली, परत लावली, परत ओढली, आणि शेवटी एका अणूच्या जाडीचा पापुद्रा हाती आला. आपण सेलोटेपने नोटिसा चिकटवतो, त्यांना २०१० चं नोबेल मिळालं. असो. हा पापुद्रा म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी, प्रत्येक कोपऱ्यावर कार्बनचा एक अणू. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याची ताकद मोजली. मॉड्युलस एक टेरापास्कल, आणि तुटायची ताकद १३० गिगापास्कल. बांधकामातली आपली लोखंडी सळई अर्ध्या गिगापास्कलच्या आसपास नमते, म्हणजे बघा. आणि पृष्ठभाग? एका ग्रॅमला २६३० चौरस मीटर. आपलं बास्केटबॉल कोर्ट ४२० चौरस मीटरचं. चिमूटभर ग्राफीन म्हणजे सहा कोर्टं!

अशी स्थळाची माहिती वाचली की कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. त्यात आकाराचाही फायदा आहे, आणि तो हिशेब इथे थोडक्यात देते. घाबरू नका, एम-थ्रीपेक्षा सोपा आहे.

द्रवात गोळ्या मिसळल्या तर तो किती घट्ट होतो याचं सूत्र आइनस्टाइनने १९०६ मध्ये मांडलं (पुढे १९११ मध्ये त्यातला आकडा दुरुस्त केला). तेच सूत्र गुथ आणि गोल्ड यांनी १९३८ मध्ये रबराला लावलं. भरलेल्या रबराचा मॉड्युलस मूळच्या किती पट? उत्तर: १ + २.५फ + १४.१फ². इथे 'फ' म्हणजे एकूण आकारमानात भरणीचा वाटा. पन्नास पीएचआर काजळीचा वाटा येतो साधारण ०.२. सूत्रात घाला: १ + ०.५ + ०.५६, म्हणजे दुप्पट. गोळ्यांच्या जागी चपट्या किंवा लांबट वस्तू असतील तर गुथने १९४५ मध्ये सूत्र बदललं: १ + ०.६७आफ + १.६२आ²फ². 'आ' म्हणजे लांबीला जाडीने भागून येणारा आकडा. ग्राफीनच्या पापुद्र्याला हा आकडा शंभर धरला (प्रत्यक्षात हजारसुद्धा असू शकतो) आणि फक्त दोन पीएचआर घातलं, तर 'फ' येतो ०.००८३. उत्तर: १ + ०.५६ + १.१२, म्हणजे अडीच पटीच्या वर! पन्नास किलो काजळी जे करते ते दोन किलो ग्राफीन करणार. टायर हलका होणार आणि पेट्रोल वाचणार. कागदावर लग्न लागलंसुद्धा.

प्रत्यक्षात काय होतं?

पहिली अडचण म्हणजे पापुद्रे सुटे राहतच नाहीत. झेरॉक्सच्या कागदांची रीम पावसात भिजली की पानं कशी एकमेकांना चिकटतात, तसं. दोन पापुद्रे समोरासमोर आले की त्यांच्यातलं आकर्षण त्यांना पुन्हा ग्राफाइट बनवायला बघतं. दहा पापुद्रे चिकटले की जाडी दहापट, म्हणजे आपला लाडका 'आ' दहावा हिस्सा, आणि सूत्रात तो वर्गात आहे! वरच्या हिशेबात 'आ' शंभरऐवजी दहा घाला, २.६७ चं १.०७ होतं. सगळी मेहनत पाण्यात. शिवाय जे सुटे राहतात ते ताठ राहत नाहीत, चुरगळतात. लाँड्रीतून आलेला इस्त्रीचा कागद आणि त्याचाच बोळा, वजन तेच, पण वाऱ्यापुढे धरायला कोणता कामाचा?

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि मला सगळ्यात आवडलेली आहे. रबराचा मॉड्युलस एक मेगापास्कलच्या आसपास, ग्राफीनचा एक टेरापास्कल. दहा लाख पटीचं अंतर! आपल्याला वाटतं, वा, एवढा ताठ पदार्थ घातला तर केवढा फायदा. पण ग्राफीनला ताण पोचवणार कोण? रबरच ना? पापुद्र्याच्या कडेपासून आत ताण हळूहळू चढतो, तो रबर आणि पापुद्रा यांच्यातल्या घासटीतून. रबर एवढं लिबलिबीत की ताण पूर्ण चढण्याआधी पापुद्रा संपतो. म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन जोडलं, पण जोडलं कशाने, तर सुतळीने. मँचेस्टरमधल्याच रॉबर्ट यंग यांच्या गटाने २०१८ च्या सुमारास हे नीट मांडलं. मऊ पदार्थांत ग्राफीनचा जो परिणामकारक मॉड्युलस मिळतो तो ग्राफीनच्या स्वतःच्या ताकदीवर नाही, तर आजूबाजूच्या पदार्थाच्या ताठपणावर ठरतो. इपॉक्सीसारख्या कडक प्लॅस्टिकमध्ये तो जास्त मिळतो, रबरात कितीतरी कमी. तेव्हा 'पोलादापेक्षा दोनशेपट मजबूत' असं छापून आलं की समजून जायचं की तो एका सुट्या पापुद्र्याचा आकडा आहे, तुमच्या टायरचा नव्हे.

पण म्हणून पदरात काहीच पडत नाही असं नाही. रबर मुळात मऊ असल्यामुळे थोडं ताठ झालं तरी टक्केवारीत फरक मोठा दिसतो आणि उपयोगीही पडतो. शिवाय पापुद्र्यांच्या जवळच्या शेवया आधीच बांधलेल्या असल्याने ताणल्यावर स्फटिक लवकर बनायला लागतात, म्हणजे तो ओठावरचा गुण आणखी धारदार होतो. प्रश्न एवढाच, की पापुद्रे सुटे ठेवून आत घालायचे कसे.

सरळ मार्ग म्हणजे टू-रोल मिल. दोन जाड लाटणी वेगवेगळ्या वेगाने फिरतात, मधून रबर जातं, वरून पावडर टाकायची. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये आपल्याकडेही एक आहे, बघून या. काजळीला हे चालतं. ग्राफीनला नाही. कारण पावडर झाली तेव्हाच पापुद्रे चिकटून बसलेले असतात, आणि लाटण्याने ते नीट उलगडत नाहीत. वर पावडर इतकी हलकी की अर्धी हवेत. आणि ती नाकात जाणं बरं नव्हे, साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लागतो.

दुसरा मार्ग चिकाचा, आणि माझ्या मते नैसर्गिक रबरासाठी हाच खरा मार्ग. यात ग्राफीन थेट न घेता ग्राफीन ऑक्साइड घेतात. ग्राफाइटला तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटमध्ये घालून ते बनवतात. मूळ कृती हमर्स आणि ऑफमन यांची, १९५८ ची, त्यात सोडियम नायट्रेटही असे आणि त्यामुळे विषारी वायू निघत. २०१० मध्ये अमेरिकेत जेम्स टूर यांच्या गटाने नायट्रेट काढून फॉस्फरिक ॲसिड घातलं. (तरीही परमँगनेट आणि तीव्र ॲसिड ही जोडी तापली तर स्फोट होऊ शकतो. हॉस्टेलच्या रूमवर करायचा प्रकार नाही, कृपया!) या ऑक्साइडच्या पापुद्र्यांवर ऑक्सिजनचे गट असतात, म्हणून ते पाण्यात सुटे सुटे तरंगतात. आता चीक म्हणजे काय, तर पाण्यात तरंगणारे रबराचे थेंब. दोन्ही पाण्यातले, दोन्हींवर ऋण भार, त्यामुळे एकत्र केले तरी गुण्यागोविंदाने राहतात. नीट मिसळले की फॉर्मिक ॲसिड घालायचं. दुधात लिंबू पिळल्यासारखं सगळं एकदम फाटतं, आणि थेंबांबरोबर पापुद्रेही अडकून खाली बसतात. चिकटायला त्यांना सवडच मिळत नाही. मग ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून टाकायचा. हायड्रेझिनने निघतो, पण ते विषारी. व्हिटॅमिन सीनेसुद्धा काम होतं, मेडिकलमध्ये मिळतं ते नव्हे, लॅबचं शुद्ध.

आता या फाटलेल्या गोळ्याचं पुढे काय करता यावर सगळं अवलंबून आहे. २०१२ मध्ये टेक्सासच्या रॉडनी रूऑफ यांच्याबरोबर जेफ्री पॉट्स वगैरेंनी केलेलं काम मला फार आवडलं. त्यांनी एकाच गोळ्याचे दोन भाग केले. एक तसाच गरम प्रेसमध्ये दाबला, दुसरा आधी मिलवर मळला. तुम्ही बुंदीचा लाडू डोळ्यासमोर आणा. प्रेस केलेल्यात रबराचे थेंब बुंदीसारखे वेगळे राहिले आणि पापुद्रे पाकासारखे त्यांच्या मधल्या भिंतींत, सलग जाळं करून बसले. मळलेल्यात बुंदी मोडली आणि पाक सगळीकडे सारखा पसरला. निकाल? जाळंवालं रबर जास्त ताठ, विजेलाही वाट देणारं, पण ताणलं की लवकर तुटणारं. मळलेलं कमी ताठ, वीज जवळजवळ बंद, पण ताणायला चांगलं. पदार्थ तोच, प्रमाण तेच, आणि गुण दोन टोकांचे! तेव्हा 'ग्राफीन घातल्याने रबर मजबूत होतं का?' हा प्रश्नच अपुरा आहे. कसं घातलं आणि पुढे किती मळलं, हेही विचारायला हवं.

इथे आमच्याच डिपार्टमेंटची एक हकिगत सांगायला हरकत नाही. आमच्या एका सीनियर ग्रुपने बी.ई. प्रोजेक्टला हाच विषय घेतला होता. चौघांनी कॉन्ट्रिब्युशन काढलं, एकीने तर घरून ट्रिपसाठी आलेले पैसे घातले, आणि एका सप्लायरकडून 'फ्यू लेयर ग्राफीन' असं लेबल असलेली काळी पावडर मागवली. नमुने बनवले, डंबेलच्या आकारात कापले, मिनिटाला पाचशे मिलिमीटर वेगाने ओढले. तीनशे टक्के ताणावरचा मॉड्युलस जेमतेम हलला, आणि तुटेपर्यंतचा ताण उलट कमी! सबमिशनला तीन आठवडे. गाइड मॅडमनी ओरडायच्या ऐवजी पावडरची पुडी रामन टेस्टला पाठवली. (आपल्या सी. व्ही. रामन यांचा १९२८ चा शोध इथेही कामाला येतो, छाती जरा फुगते.) एकच पापुद्रा असेल तर २७०० च्या जवळचं शिखर अरुंद, सरळ आणि १५८० वाल्यापेक्षा उंच येतं. यांच्या आलेखात ते बुटकं आणि एका अंगाला खांदा असलेलं आलं. म्हणजे ग्राफाइट. बारीक दळलेली, महाग पेन्सिल!

हे एकट्यादुकट्याचं नशीब नव्हे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये साठ उत्पादकांचे नमुने तपासले. बहुतेकांत खरं ग्राफीन दहा टक्क्यांहून कमी निघालं, आणि निम्म्यावर एकही गेला नाही. दहा पापुद्र्यांपर्यंतच ग्राफीन म्हणायचं, त्यापुढे नाही, असं आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्ये व्याख्येत लिहिलं आहे. पण लेबल वाचणाऱ्याला हे कुठे माहीत? त्या ग्रुपने मग रिपोर्टच फिरवला: 'बाजारातली पावडर आणि नैसर्गिक रबर: अपेक्षित फायदा का मिळाला नाही'. एक्स्टर्नलनी वीस मिनिटं प्रश्न विचारले, आणि ऐकलं ते असं की त्या वर्षीची सगळ्यात रंगलेली व्हायवा तीच होती.

त्यांच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. नैसर्गिक रबर मुळातच तुटायला अवघड, हे वर सांगितलं. म्हणून त्यात ग्राफीनचा परिणाम बघायचा तर नुसती तुटायची ताकद बघून भागत नाही. मॉड्युलस, चीर पुढे सरकायला लागणारा जोर, आणि झीज, हे तीन बघावे लागतात. उलट एसबीआरमध्ये तुटायची ताकद सहज कितीतरी पट वाढवून दाखवता येते, कारण सुरुवातच तळातून. पेपर वाचताना आधी बघा की कोणतं रबर आहे.

मग खऱ्या बाजारात काही आलंय का? आलंय. इटलीच्या व्हिटोरिया कंपनीने २०१५ पासून ग्राफीन घातलेले सायकल टायर विकायला काढले. इंग्लंडच्या इनोव्ह-एट कंपनीने मँचेस्टर विद्यापीठाच्या मदतीने २०१८ मध्ये डोंगरात पळायचे बूट आणले, तळाच्या रबरात ग्राफीन. पकड हवी तर रबर मऊ लागतं आणि मऊ रबर झिजतं, या जुन्या कात्रीवर त्यांचा भर आहे. दोन्ही वस्तू महाग, आणि गिऱ्हाईक थोड्या फायद्यासाठी जास्त मोजणारं. पातळ वस्तूंमध्येही आशा आहे, कारण हातमोजे आणि तशा वस्तू थेट चिकात साचा बुडवूनच बनतात, म्हणजे पापुद्रे सुटे ठेवायचा मार्ग आयताच तयार. गेट्स फाउंडेशनने २०१३ मध्ये ग्राफीनयुक्त कंडोमच्या संशोधनाला मँचेस्टरला आणि केरळच्या एचएलएल लाइफकेअरला पैसे दिले होते. (संपादक मंडळ हे वाक्य ठेवेल अशी आशा आहे. विज्ञान आहे, मॅडम!)

हवा अडवणं हाही एक गुण. ग्राफीनचा अखंड पापुद्रा हेलियमलासुद्धा आत सोडत नाही. रबरात असे पापुद्रे आडवे पसरले की हवेच्या रेणूला सरळ जाता येत नाही, वळसे घालावे लागतात. सायकल महिनाभर स्टँडला ठेवली की पंक्चर नसतानाही ट्यूब बसते ना, ती गळती यातून कमी होऊ शकते. पण मिलमधून काढलेल्या पट्टीत पापुद्रे एका दिशेने झोपतात, त्यामुळे त्या दिशेने ओढलं तर एक मॉड्युलस आणि आडवं ओढलं तर दुसरा. नमुना कापताना बाण काढून ठेवायचा असतो तो यासाठी. आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात २०१६ मध्ये सिलिकॉनच्या मऊ पुटीत ग्राफीन मिसळून असा सेन्सर केला की त्यावरून कोळी चालला तरी पावलं मोजता येतात. ताणलं की पापुद्र्यांचं जाळं तुटतं, सोडलं की जुळतं, आणि त्याप्रमाणे विजेचा अडथळा बदलतो. रबर मजबूत करण्यापेक्षा रबराला 'जाणीव' देण्यात ग्राफीन जास्त कामाचं ठरेल असं माझं आपलं मत. सर लोकांचं वेगळं असू शकतं.

मोटारीच्या टायरमध्ये मात्र काजळीला हटवणं इतक्यात दिसत नाही. काजळी किलोला साध्या डाळीच्या भावात मिळते, ग्राफीनचा भाव कितीतरी पट. शिवाय टायरला नुसता ताठपणा पुरत नाही. चाक फिरताना दर फेरीला रबर दबतं आणि सुटतं, आत भरणीच्या कणांचं जाळं मोडतं आणि परत जुळतं, त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. याला पेन इफेक्ट म्हणतात (दुखण्याशी संबंध नाही, पेन हे शास्त्रज्ञाचं नाव). या उष्णतेची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते, आणि उन्हाळ्यात एक्स्प्रेसवेवर कमी हवेचा टायर फुटतो तेव्हा आणखी महाग पडते. म्हणून सध्याचा शहाणा मार्ग म्हणजे काजळी थोडी कमी करून तिच्या जोडीला एक-दोन पीएचआर ग्राफीन. कण पापुद्र्यांच्या मध्ये बसतात आणि त्यांना परत चिकटू देत नाहीत. म्हणजे सोयरीक टिकवायला मध्यस्थ लागतोच!

आपल्याकडे याला जागा आहे. देशातलं सगळ्यात जास्त रबर केरळात पिकतं, कोट्टायमला रबर संशोधन संस्था १९५५ पासून आहे, कोचीला ग्राफीनसाठी वेगळं केंद्र निघालं आहे आणि त्यात सी-मेट ही संस्था आहे, जिची एक प्रयोगशाळा पुण्यातही आहे. तपासणीसाठी ठाण्यात रबर उत्पादकांची संशोधन संस्था आहे. आणि चीक बघायला केरळातच जायला हवं असंही नाही, आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत.

पुढच्या वर्षी कोणी हा विषय घेणार असेल तर पावडर घेण्याआधी रामनचा आलेख मागा, आणि शक्य तर ऑक्साइड पाण्यातलंच घ्या, वाळवलेलं नको. ऑक्साइडचा ॲसिडीपणा ॲक्सिलरेटरच्या कामात लुडबुड करू शकतो, म्हणून क्युअरची वेळ रिओमीटरवर प्रत्येक मिश्रणाची वेगळी काढा, आधीच्या बॅचची वापरू नका. आणि बाजारातला चीक अमोनिया घालून टिकवलेला असतो, साठ टक्के रबराचा. कॅनचं झाकण खिडकीजवळ, तोंड बाजूला करून उघडा. मेसच्या कांद्याने डोळ्यांना येतं तेवढंच पाणी येईल असं समजू नका.